काळ्या बोटांचं कूळ

आषाढ-श्रावणात आंबोली, ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या जंगलात फिरताना कुजत पडलेल्या ओंडक्याच्या बुडाशी कधीकधी काळी बोटं उभी दिसतात. उंची-जाडी माणसाच्या बोटाएवढीच, टोकाला जराशी फुगीर, वरून खरखरीत. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. मग तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं जळकं लाकूड असेल, कुणी म्हणतं मुळाचा फुटवा असेल. ‘कुत्र्याची छत्री’ म्हणावी, तर छत्री कुठे आहे? वर टोपी नाही, टोपीखाली पडदे नाहीत. हात लावून बघावं तर मऊ लागत नाही, टणक लागते.

तरीही ती बुरशीच आहे. बहुधा झायलेरिया या प्रजातीतली. युरोप-अमेरिकेत तिच्या एका जातीला ‘मेलेल्या माणसाची बोटं’ असंच नाव पडलंय. पण ‘बुरशी आहे’ एवढ्यानं कोडं सुटत नाही. जंगलात गदेच्या आकाराची बुरशी दिसली, तर ती झायलेरियाच असेल असं नाही. एकमेकींशी काही नातं नसलेल्या निदान पाच-सहा गटांतल्या बुरशा हाच आकार घेऊन उभ्या असतात, आणि एक वनस्पतीसुद्धा त्यांच्यात बेमालूम खपून जाते. मग जाणकार त्या वेगळ्या कशा ओळखतात? त्यांची पद्धत समजली की लक्षात येतं, की ते आकाराकडे सगळ्यात शेवटी बघतात.

आकार एकच, कुळं अनेक

आपल्याला दिसतं ते बुरशीचं फळ. तिचा खरा देह म्हणजे लाकडात किंवा मातीत पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. हे जाळं महिनोन्‌महिने आतल्या आत खात असतं. पुरेसं अन्न साठलं आणि ओल मिळाली की ते फळ वर काढतं. फळाचं काम एकच, बीजाणू हवेत सोडणं. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, पण इतकं बारीक की सुटा बीजाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

इथे अडचण येते ती वाऱ्याची. जमिनीला लागून असलेली हवा जवळजवळ थांबलेली असते, कारण माती, पाचोळा आणि गवत यांच्याशी घासून तिचा वेग मरतो. त्या हवेत सोडलेला बीजाणू तिथल्या तिथेच पडणार. दोन-चार इंच वर गेलं की वारा लागतो. म्हणजे फळाला आधी पाचोळ्याच्या थरातून वाट काढायची असते, आणि वर आल्यावर बीजाणू तयार करायला जागाही हवी असते. दोन्ही गरजा भागवणारी सगळ्यात सोपी रचना म्हणजे खाली बारीक दांडा आणि वर जरा जाड डोकं, म्हणजेच गदा. छत्रीच्या पडद्यांमुळे बीजाणूंसाठी कित्येक पटींनी जास्त जागा मिळते हे खरं, पण छत्री उभारायला साहित्यही तितकंच लागतं. गदा स्वस्तात होते.

असा स्वस्त तोडगा उत्क्रांतीच्या ओघात अनेकांना सापडला. लाकूड कुजवणाऱ्या, झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करणाऱ्या, किड्यांना मारून खाणाऱ्या अशा निरनिराळ्या बुरशांनी आपापल्या वाटेनं येऊन हाच आकार घेतला. म्हणून गदेसारखं दिसणं हा नात्याचा पुरावा ठरत नाही. नातं शोधायचं तर बीजाणू कुठे आणि कसे तयार होतात, तिथपर्यंत जावं लागतं.

पिशवी की खुंटी?

बुरशांची दोन मोठी घराणी आहेत. पहिल्या घराण्यात बीजाणू एका लांबट, सूक्ष्म पिशवीच्या आत तयार होतात. एका पिशवीत बहुतेक वेळा आठ. दुसऱ्या घराण्यात पेशीच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं चार बारीक खुंट्या फुटतात आणि एकेका खुंटीवर एकेक बीजाणू धरतो. बाजारातली मशरूम, रानातली अळंबी, कुत्र्याच्या छत्र्या ही सगळी खुंटीवाली मंडळी. झायलेरिया मात्र पिशवीवाली. ही दोन घराणी वेगळी होऊन ४० कोटींहून जास्त वर्षं लोटली आहेत.

पिशवीतून बीजाणू बाहेर कसे पडतात, हे समजून घ्यायला तेरडा आठवावा. पिकलेल्या बोंडाला बोट लागायचा अवकाश, ते फटकन फुटतं आणि बिया उडतात. बोंडाच्या भिंतीतल्या पेशींनी पाणी ओढून घेऊन आधीच ताण साठवलेला असतो. पिशवीतही असाच दाब साठतो. पिशवीतल्या रसात विरघळलेले पदार्थ वाढतात, त्यामुळे पाणी आत खेचलं जातं, पिशवी तट्ट फुगते आणि अखेर तिचं टोक उघडून बीजाणू बाहेर फेकले जातात. तेरड्याला निदान स्पर्श तरी लागतो. पिशवीला तोही लागत नाही. तिला लागतं पाणी. म्हणूनच ही फळं पावसात कामाला लागतात आणि उघडीप पडली की थांबतात.

खुंटीवाल्यांची तऱ्हा निराळी. बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमत जातो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर असतो. थेंब वाढून त्या थराला टेकला की दोन्ही एका क्षणात मिसळतात, वजन एकदम सरकतं आणि त्या हिसक्यानं बीजाणू खुंटीवरून सुटतो. कॅनडात काम करणाऱ्या ए. एच. आर. बुलर यांनी याचा बारकाईनं अभ्यास केला. आजही याला ‘बुलरचा थेंब’ म्हणतात. बीजाणूची ही झेप साधारण एका मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पुढचं काम वाऱ्याचं.

ओळख पटवण्यासाठी यातून एक मोठी सोय होते. खुंटीवाल्या गदेला बीजाणू उघड्यावरच तयार करावे लागतात, म्हणून तिची साल एकसारखी असते: गुळगुळीत, नाहीतर उभ्या सुरकुत्या पडलेली. पिशव्या मात्र उघड्यावरही असू शकतात आणि सालीखाली दडवलेल्याही. झायलेरियानं त्या दडवल्या आहेत, आणि त्याची खूण सालीवर उमटते.

बोट चिरून बघितलं तर

‘मेलेल्या माणसाची बोटं’ म्हणजे झायलेरिया पॉलिमॉर्फा. युरोपात ती बीच वृक्षाच्या कुजक्या बुंध्यांवर हटकून सापडते. उंची ३ ते १० सेंटिमीटर, जाडी १ ते ३. पिकलेलं फळ घेऊन दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरलं तर काळी साल बारीक पुरळ उठल्यासारखी दिसते. पुरळाच्या प्रत्येक फोडाच्या मधोमध टाचणीनं टोचल्याएवढं छिद्र असतं.

आता धारदार पात्यानं फळ उभं चिरायचं. बाहेर कोळशासारखा काळा, ठिसूळ पापुद्रा. त्याच्या लगेच खाली बारीक काळ्या पोकळ्यांची एक रांग, सालीच्या कडेकडेनं वरपासून खालपर्यंत गेलेली. प्रत्येक पोकळी मिलिमीटरपेक्षा लहान, सुरईच्या आकाराची, आणि तिचं तोंड म्हणजे सालीवर दिसलेलं ते छिद्र. या रांगेच्या आत सगळा गर पांढरा आणि चिवट. बीजाणूंच्या पिशव्या असतात त्या सुरयांमध्ये. पिकलेली पिशवी लांबत सुरईच्या तोंडाशी येते, रिकामी होते आणि मागची पुढे सरकते. त्यामुळे एकच फळ महिनोन्‌महिने बीजाणू सोडत राहतं. छत्रीची अळंबी चार दिवसांत सडून जाते. हे बोट काळ्या सालीमुळे ऊन आणि कोरडी हवा सोसून उभं राहतं.

काळी साल, खाली सुरयांची रांग, आत पांढरा चिवट गर, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की झायलेरियाच्या गोतावळ्यात येऊन पोचलो असं समजायला हरकत नाही.

एकाच बोटाचे दोन अवतार

मात्र हेच फळ काही आठवडे आधी बघितलं असतं तर ओळखू आलं नसतं. कोवळं असताना ते फिकं, राखाडी-निळसर असतं, टोक पांढरं असतं आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी भुकटी असते. बोट लावलं की भुकटी हाताला लागते. ही भुकटी म्हणजेही बीजाणूच, पण वेगळ्या पद्धतीनं झालेले. त्यात दोन जाळ्यांचा संकर होत नाही. एकाच जाळ्याच्या तंतूंच्या टोकांवरून ते सुटतात. या अवस्थेत फळ चिरलं तर सुरया सापडत नाहीत, कारण त्या अजून झालेल्याच नसतात. पुढे भुकटी संपते, साल काळी पडते, सुरया भरतात आणि संकरातून आलेले बीजाणू पिशव्यांत तयार होऊ लागतात.

पर्सून या शास्त्रज्ञानं १७९७ साली या जातीचं वर्णन केलं, तेव्हा ‘पॉलिमॉर्फा’, म्हणजे बहुरूपी, हे नाव तिला साजेसंच ठरलं. एकाच ओंडक्यावर एक फळ सरळ, दुसरं वाकडं, तिसरं टोकाला दुभंगलेलं असतं. त्यामुळे एका फळाच्या एका फोटोवरून निकाल देण्यात अर्थ नसतो. शक्य असेल तर पंधरा-वीस दिवसांनी त्याच ओंडक्याशी पुन्हा जावं. कोवळी आणि पिकलेली अशी दोन्ही फळं बघितली की निम्मे घोटाळे आपोआप मिटतात.

बुडाशी काय आहे?

आता सगळ्यात महत्त्वाची खूण: बुरशी कशावर उभी आहे? प्रत्येक बुरशीचं अन्न ठरलेलं असतं आणि ते अन्न तिच्या बुडाशी असतं. फळ वरून मोडून आणलं तर नेमका हाच पुरावा जंगलात राहतो. माती बोटांनी हळूच बाजूला करून बुडापर्यंत जावं. तिथे काय सापडतं त्यावर पुढची दिशा ठरते.

*लाकूड.* मातीतून उगवल्यासारखी दिसणारी काळी बोटं पुष्कळदा मातीखाली गाडल्या गेलेल्या फांदीवर किंवा मुळावर असतात. लाकूड सापडलं की झायलेरियाचा संशय बळावतो. काही जाती तर याहून चोखंदळ आहेत. युरोपातली झायलेरिया कार्पोफिला बीचच्या फळांच्या गळून पडलेल्या टरफलांवरच वाढते. बाजूला पडलेल्या फांदीकडे ती ढुंकूनही बघत नाही.

*नुसती माती, आजूबाजूला जिवंत झाडं.* युरोपात चुनखडीच्या जमिनीवरच्या बीचच्या जंगलात क्लॅव्हेरियाडेल्फस पिस्टिलॅरिस नावाची भलीमोठी गदा उगवते. उंची ३० सेंटिमीटरपर्यंत जाते, रंग पिवळट-बदामी, दाबलं की तिथे तपकिरी डाग पडतो. ही खुंटीवाली आहे, म्हणून सालीवर छिद्रं नाहीत आणि आत सुरया नाहीत. ती लाकूड कुजवत नाही. झाडाच्या मुळांशी तिची देवाणघेवाण चालते: ती झाडाला क्षार आणि पाणी पुरवते, झाड तिला साखर देतं. लिनियसनं १७५३ साली तिचं नाव नोंदवलं होतं. आपल्याकडे अशा गदाकार आणि पोवळ्याच्या आकाराच्या बुरशांचा पाया घालणारा अभ्यास के. एस. थिंड यांनी केला. भारतातल्या या बुरशांवरचा त्यांचा ग्रंथ १९६१ साली आला.

*गवत किंवा शेवाळ, आणि फळ काळं पण मऊ.* या बहुधा ‘भू-जिव्हा’, म्हणजे जिओग्लॉसम आणि ट्रायकोग्लॉसम. याही पिशवीवाल्याच, पण पिशव्या उघड्यावर, म्हणून साल एकसारखी काळी. ट्रायकोग्लॉसम हिर्सुटमच्या अंगावर बारीक ताठ केस असतात. भिंगाखाली ती मखमली दिसते. चिरल्यावर आत पांढरा चिवट गर नाही, लाकूड नाही, सुरयाही नाहीत. काळा रंग, गदेचा आकार आणि पिशव्या सोडल्या तर झायलेरियाशी तिचं काहीच जुळत नाही.

*मेलेला किडा.* कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस ही नारिंगी गदा उकरत गेलं तर खाली पतंगाचा कोष निघतो. बुरशीनं तो आतून खाऊन टाकलेला असतो. हिमालयातली ‘कीडाजडी’ किंवा ‘यार्सागुंबा’ हीसुद्धा याच तऱ्हेची. तीन हजार मीटरहून उंचावरच्या कुरणांत मातीत राहणाऱ्या अळीत ती शिरते आणि बर्फ वितळल्यावर अळीच्या डोक्यातून काळसर काडी वर काढते. उत्तराखंडातल्या पिथोरागड आणि चमोली भागांत हजारो कुटुंबांची कमाई तिच्यावर चालते. ओरबाड इतकी झाली, की २०२० साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत तिला ‘असुरक्षित’ गटात टाकावं लागलं. पूर्वी तिला कॉर्डिसेप्समध्येच धरत. २००७ साली डीएनएच्या पुराव्यावरून ती ऑफिओकॉर्डिसेप्स या वेगळ्या प्रजातीत गेली.

*दुसरी बुरशी.* टोलिपोक्लॅडियम ऑफिओग्लॉसॉइडिस ही काळसर गदा पिवळ्या तंतूंच्या दोरीनं मातीतल्या एका गोल कंदाला जोडलेली असते. तो कंद म्हणजे इलॅफोमायसिस नावाची भूमिगत बुरशी. एक बुरशी दुसरीला खाते आहे. जपानी संशोधकांनी २००० साली डीएनए तपासून दाखवलं, की हिचं जवळचं नातं सिकाडांच्या, म्हणजे रातकिड्यांसारखा कर्कश आवाज करणाऱ्या किड्यांच्या, पिल्लांवर वाढणाऱ्या बुरशांशी आहे. ही पिल्लं आणि तो कंद दोन्ही झाडांच्या मुळांपाशीच राहतात. शेजारी असल्यानं बुरशीनं एकाकडून दुसऱ्याकडे मुक्काम हलवला.

*अंडं फुटल्यासारखी पांढरी पिशवी.* बुडाशी अशी पिशवी, वर पोकळ स्पंजासारखा दांडा, टोकाला दुर्गंधी चिकट लगदा आणि त्यावर माश्या, असं दिसलं तर ती फॅलस. तिचे बीजाणू माश्या वाहून नेतात.

*झाडाचं जिवंत मूळ.* आणि ही सगळ्यात फसवी. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांत, विशेषतः दक्षिणेकडे, बॅलॅनोफोरा नावाची परजीवी वनस्पती मुळांवर उगवते. हिरवा कण अंगाला नाही, रूप थेट गदेचं. पण भिंग धरलं की डोक्यावर शेकडो इवली फुलं दिसतात, आणि फुलं म्हटल्यावर बुरशीचा प्रश्नच मिटला.

वारुळावरची बोटं

महाराष्ट्रात आणि गोव्यात काळी बोटं दिसण्याची आणखी एक जागा आहे आणि तिची गोष्ट सगळ्यात रंगतदार आहे. ती जागा म्हणजे वारूळ.

आपल्याकडची ओडोंटोटर्मिस गटातली वाळवी शेतकरी आहे. वाळकं गवत, पानं, लाकूड चावून ती आत नेते आणि त्यातून स्पंजासारखे पोळे रचते. या पोळ्यांवर ती टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवते. ही बुरशी वाळवीला न पचणारा काष्ठांश मऊ करून देते, आणि वाळवी ती खाते. पावसाच्या सुरुवातीला हीच बुरशी जमिनीबाहेर छत्र्या काढते. गोव्यात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, येणारी जी अळमी लोक चढ्या भावानं घेतात, ती हीच.

या शेतात तणही आहे, आणि ते तण म्हणजे झायलेरिया. वाळवी घरात असते तोवर ती नावालाही दिसत नाही. पण पोळ्याचा तुकडा वाळवीपासून वेगळा करून ओलाव्यात ठेवला, तर थोड्याच दिवसांत टर्मिटोमायसिस मागे पडते आणि झायलेरियाचे तंतू सगळं पोळं व्यापून टाकतात. म्हणजे ती आत आधीपासून असते, दबून. तिला दाबून कोण ठेवतं? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस यांच्या गटानं २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा एक भाग उलगडला. वाळवी पिकाची बुरशी आणि तणाची बुरशी वासावरून वेगळी ओळखते, आणि तणाच्या बुरशीवर मातीच्या गोळ्या रचून तिला गाडून टाकते.

वाळवी वारूळ सोडून गेली किंवा मेली की ही निंदणी थांबते. मग झायलेरिया उरलेल्या पोळ्यांवर ताव मारते आणि लांब, सडपातळ काळ्या काड्या मातीतून वर काढते. त्या उकरत गेलं तर बूड लाकडाशी थांबत नाही, खोल जुन्या पोळ्यापर्यंत जातं. म्हणून वारुळावर छत्रीची अळंबी आली तर खाली राबतं घर आहे आणि काळ्या काड्यांचा ताटवा आला तर बहुधा ते घर, किंवा त्याचा तेवढा भाग, ओस पडलाय, असा अंदाज बांधता येतो. वारुळात वाढणाऱ्या झायलेरियांपैकी झायलेरिया निग्रिपेस या जातीच्या जमिनीखालच्या कंदासारख्या गाठी चिनी औषधपद्धतीत ‘वू लिंग’ या नावानं निद्रानाशावर वापरतात.

लाकडातल्या काळ्या रेघा

ओंडक्यावरच्या झायलेरियाची आणखी एक खूण लाकडातच असते. बुंध्याचा काप काढला तर फिकट लाकडात काळ्या शाईनं नकाशा काढावा तशा नागमोडी रेघा दिसतात. एकाच ओंडक्यात अनेक जाळी राहत असतात आणि प्रत्येकाला आपला इलाखा राखायचा असतो. बुरशी आपल्या हद्दीवर काळ्या रंगद्रव्यानं भरलेल्या पेशींची भिंत उभी करते. ओलावा आत धरून ठेवायलाही या भिंतीचा उपयोग होतो. सुतारकामात असं रेघांचं लाकूड शोभेसाठी मुद्दाम वापरतात.

या कुजवण्याचा अजब उपयोग स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संशोधनसंस्थेत झाला. फ्रान्सिस श्वार्झ यांनी व्हायोलिनच्या पाठीचं लाकूड झायलेरिया लाँगिपेस या जातीकडून मोजकंच कुजवून घेतलं. पुढच्या पाटासाठी दुसरी बुरशी वापरली. लाकूड हलकं झालं, पण त्याची कडक ठेवण फारशी बिघडली नाही. २००९ साली जर्मनीत ओस्नाब्रुकला पडद्याआडून झालेल्या वादनात हे व्हायोलिन १७११ च्या एका स्ट्रॅडिव्हेरियसशेजारी वाजवलं गेलं. १८० हून अधिक श्रोत्यांपैकी ९० जणांनी बुरशीच्या व्हायोलिनला पसंती दिली. एका संध्याकाळच्या कौलावरून वाद मिटत नाहीत, पण कुजण्यालाही हात राखून काम करता येतं, हे दिसलं.

घरी करता येणाऱ्या चाचण्या

बीजाणूंचा रंग बघायला फळाचा तुकडा अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवून वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर तसंच सोडायचं. पिकलेल्या झायलेरियाखाली सकाळी काळी भुकटी पडलेली असते, क्लॅव्हेरियाडेल्फसखाली पांढरट. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकला तर क्लॅव्हेरियाडेल्फस पिस्टिलॅरिसची साल पिवळी होते. हे द्रावण त्वचेला भाजतं, म्हणून ते हातमोजे घालून, प्रयोगशाळेच्या शिस्तीनंच वापरावं.

यापुढे सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. पिशव्यांवर आयोडीनचा थेंब टाकला की झायलेरियाच्या पिशवीच्या टोकाची कडी निळी होते. बीजाणू गडद तपकिरी असतात आणि प्रत्येकावर एक फट असते; रुजताना तंतू त्या फटीतून बाहेर पडतो. झायलेरिया पॉलिमॉर्फात बीजाणू २० ते ३१ मायक्रोमीटर लांब आणि फट सरळ. झायलेरिया लाँगिपेसमध्ये ते १५ मायक्रोमीटरच्या आसपास आणि फट मळसूत्री. जंगलात या दोन जातींची फळं सहज एकमेकींत मिसळतील. सूक्ष्मदर्शकाखाली मिसळणार नाहीत.

> थोडक्यात: पाच प्रश्न, याच क्रमानं
>
> १. बूड कशात आहे? लाकूड, टरफल, माती, किडा, दुसरी बुरशी, की वारुळातलं पोळं?
>
> २. फळ टणक आहे की मऊ? कोवळं आहे की पिकलेलं?
>
> ३. भिंगातून सालीवर छिद्रं दिसतात का? दिसली तर पिशव्या सालीखाली दडलेल्या आहेत.
>
> ४. उभं चिरल्यावर सालीखाली सुरयांची रांग आहे का? गर कोणत्या रंगाचा?
>
> ५. बीजाणूंची भुकटी कोणत्या रंगाची पडते?
>
> यांची उत्तरं प्रजातीपर्यंत नेऊन सोडतात. जातीसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. आणि खाण्याचा निर्णय यांतल्या कशावरूनही घ्यायचा नाही.

नावाची घाई नको

भारतातल्या काळ्या बोटांना सर्रास झायलेरिया पॉलिमॉर्फा म्हटलं जातं. कारण सरळ आहे: पुस्तकं युरोपातली, चित्रं तिथली, आणि आपलं बोट चित्राशी जुळतं. पण पॉलिमॉर्फा ही समशीतोष्ण जंगलातली बुरशी. उष्ण प्रदेशात या प्रजातीच्या कितीतरी जाती आहेत आणि वरवर बघता त्यांतल्या बऱ्याच एकसारख्या दिसतात. चित्राशी जुळवण्याची सवय लागली की आंब्याच्या खोडावरची, ऐनाच्या मुळावरची आणि वारुळावरची अशा तीन वेगळ्या बुरशांना एकच नाव मिळतं आणि त्यांच्यातला फरक नोंदवायचा राहून जातो.

डीएनएमुळे काम सोपं झालंय, पण आपोआप होत नाही. २०१२ साली शास्त्रज्ञांनी डीएनएचा एक ठरावीक तुकडा बुरशांची ओळखखूण म्हणून ठरवला. तो वाचून आंतरराष्ट्रीय साठ्याशी ताडून बघता येतो. मात्र साठ्यातल्या ज्या नमुन्याशी तो जुळतो, त्याला कुणीतरी पूर्वी चित्राशी जुळवूनच नाव दिलं असेल तर चूक तशीच पुढे चालू राहते. म्हणून डीएनएसोबत वाळवलेला नमुना जपून ठेवणं भाग असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक-संग्रहात असे वाळवलेले नमुने आहेत, आणि तिथल्याच राष्ट्रीय संग्रहात बुरशांची जिवंत वाणं राखलेली आहेत. शंका आली की मूळ नमुना काढून पुन्हा तपासता येतो.

अशा संग्रहाला हौशी निसर्गप्रेमींची मदत होऊ शकते, पण त्यासाठी नोंद कामाची हवी. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वन खात्याच्या परवानगीशिवाय काही उचलायचं नाही. तिथे फोटो आणि टिपण पुरतं. फोटो निदान चार हवेत: अख्खं फळ, सालीचा जवळून, परवानगी असेल तर उभा छेद, आणि माती बाजूला करून बुडाचा. टिपणात तारीख, गाव, जंगलाचा प्रकार आणि खालच्या लाकडाचं झाड लिहावं. झाड ओळखता आलं नाही तर शेजारच्या झाडांची पानं टिपावीत. चारपैकी तीन फोटो नंतरही कुणीतरी काढू शकतं. बुडाचा फोटो मात्र ज्यानं माती बाजूला केली त्यालाच काढता येतो, आणि निम्मी ओळख तिथेच असते.